रिकाम्या शहरात शर्यत कसली?

ओपन-वर्ल्ड रेसिंगचा, म्हणजे बंदिस्त ट्रॅकऐवजी अख्ख्या शहरात मोकळं फिरू देणारा, नवा गेम बाजारात आला की गेमर्समध्ये एक भांडण ठरलेलं असतं. एका गटाला रस्त्यावरच्या, संगणकाने चालवलेल्या गाड्या नकोच असतात. शर्यत आमची आणि प्रतिस्पर्ध्यांची. ऐन वळणावर कुणाची तरी साधी हॅचबॅक मध्ये येते आणि दहा मिनिटांची मेहनत मातीत जाते, हा कसला खेळ, असं त्यांचं म्हणणं. दुसरा गट तितक्याच तावातावाने सांगतो की खऱ्या शहरात रहदारी असते, म्हणून गेममध्येही हवी, आणि आहे त्याच्या दुप्पट हवी. वर्षानुवर्षं हा वाद ‘कमी की जास्त’ याच्या पुढे सरकलेला नाही. मला दोन्ही बाजूंची मांडणी चुकीची वाटते. रहदारी हा या खेळप्रकाराचा प्राण आहे. ती काढली तर मागे उरतो तो एक लांबलचक ट्रॅक, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तिच्या बाजूने ‘खरं शहर असंच असतं’ हे कारण पुढे करणंही तितकंच कच्चं आहे. समोरची गाडी पुढच्या तीन-चार सेकंदांत काय करणार हे खेळणाऱ्याला आधी ओळखता येतं का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो जवळजवळ कुणीच विचारत नाही.

रहदारी ही रेसिंग गेममध्ये नंतर घुसडलेली गोष्ट आहे, हा समज आधी दूर करायला हवा. १९७४ साली तोमोहिरो निशिकादो यांनी तैतो कंपनीसाठी ‘स्पीड रेस’ हा आर्केड गेम बनवला. पडद्यावर वरून खाली येणाऱ्या गाड्या चुकवत पुढे जायचं, एवढाच तो खेळ. सेगाचा १९८६चा ‘आउटरन’ घ्या. त्यात हरवायला कुणी प्रतिस्पर्धीच नाही. घड्याळ आहे, रस्ता आहे आणि त्या रस्त्यावरून आपापल्या कामाला निघालेले ट्रक आणि मोटारी आहेत. लाल फेरारीत बसून त्यांच्यामधून वाट काढायची, यातच सगळा थरार. पुढे ‘रोड रॅश’ आला, आणि तो तर महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने सायबर कॅफेत नाहीतर शेजाऱ्यांच्या पीसीवर खेळला आहे. शेजारच्या बाइकवाल्याला हाणताना समोरून येणाऱ्या मोटारीकडे दुर्लक्ष झालं की आपणच हवेत उडायचो. ती मोटार काढून टाकली तर त्या मारामारीला काय अर्थ उरतो? हाणताना रस्त्यावरची नजर हटत होती, म्हणून तर तो फटका महाग होता.

खऱ्या मोटारशर्यतींचा इतिहासही इथे आठवायला हवा, कारण त्यांचा जन्म सार्वजनिक रस्त्यांवरच झाला. मे १९०३ मध्ये पॅरिस ते माद्रिद शर्यत निघाली. धुळीच्या लोटांत, प्रेक्षकांनी भरलेल्या रस्त्यांवरून धावणाऱ्या गाड्यांनी इतके बळी घेतले की ती फ्रान्समधल्या बोर्दोलाच थांबवावी लागली. मेलेल्यांत रेनॉ कंपनीच्या संस्थापक भावांपैकी एक, मार्सेल रेनॉ, हेही होते. चार वर्षांनी इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सचा, खास मोटारींसाठी बांधलेला ट्रॅक सुरू झाला. तरी इटलीतली हजार मैलांची मिल्ले मिल्या गावागावांतून धावतच राहिली, ती १९५७ पर्यंत. त्या वर्षी ग्विदित्सोलो गावाजवळ एक फेरारी प्रेक्षकांत घुसली. चालक, सहचालक आणि नऊ प्रेक्षक मेले, त्यांत लहान मुलंही होती. रस्त्यावरची ती शर्यत तिथेच संपली, आणि ते योग्यच झालं. माणसांच्या जिवापुढे कुठलाही थरार मोठा नाही. पण जगाच्या रस्त्यावरून, इतरांच्या मधून वेगाने जाण्याचा अनुभव त्याबरोबर निषिद्ध झाला. कुणाच्याही जिवाला धक्का न लावता तो देऊ शकेल असं एकच ठिकाण उरलं आहे, ते म्हणजे व्हिडिओ गेम. तिथेही रस्ते रिकामे करा म्हणणारा गेमर खरं तर ब्रुकलँड्स मागतो आहे. मागायला काहीच हरकत नाही, ‘ग्रान तुरिस्मो’सारखे उत्तम गेम बंदिस्त ट्रॅकवर उभे आहेत. मग गल्ल्या, पूल, बंदर आणि चौक असलेलं शहर उभारणाऱ्या गेमकडूनच ते का मागायचं?

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा नशिबाचा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. खेळात हरणं चालतं. आपली चूक नसताना हरणं चालत नाही. ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला ८३ मीटर कापते. समोरून १०० च्या वेगाने दुसरी येत असेल तर दोघींमधलं अंतर सेकंदाला १११ मीटरने घटतं. ती दिसणं, कुठल्या बाजूने जायचं हे ठरवणं आणि आपली गाडी तिथे नेणं याला तीन सेकंद धरले, तर समोरची गाडी साधारण ३३० मीटरवरून स्पष्ट दिसायला हवी. आता चढाच्या माथ्यापलीकडे, जिथे साठ मीटर पुढचंही दिसत नाही तिथे, गेमने एक ट्रक आणून ठेवला. खेळणारा कितीही निष्णात असला तरी त्याने काय करायचं? ‘आधीच वेग कमी करायला हवा होता’ असं उत्तर देणारे भेटतात. प्रत्येक चढावर वेग कमीच करायचा, तर गेमने त्याला ती गाडी आणि तो वेग दिलाच कशाला? अशा धडकेतून कुणी काही शिकत नाही. पुढच्या फेरीत त्या माथ्यावर ट्रक असेलच असं नाही, म्हणजे रस्ता पाठ करूनही उपयोग नाही.

पण हा दोष रहदारीचा, की ती ज्या पद्धतीने निर्माण केली जाते तिचा? बहुतेक ओपन-वर्ल्ड गेममध्ये शहरभर गाड्या फिरत नसतात. खेळणाऱ्याच्या भोवती काही शे मीटरचं एक वर्तुळ असतं, त्यात मोजक्या गाड्या जन्माला येतात आणि वर्तुळ पुढे सरकलं की मागच्या पुसल्या जातात. त्या कुठून निघालेल्या नसतात, त्यांना कुठे पोहोचायचं नसतं. यामागे लबाडी नाही, अडचण आहे. प्लेस्टेशन २ या गेम-यंत्राची मुख्य मेमरी अवघी ३२ मेगाबाइट होती. म्हणून तर ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ आणि ‘व्हाइस सिटी’मध्ये आपण एखादी दुर्मिळ गाडी पकडली की तीच गाडी रस्त्यावर जागोजागी दिसू लागायची, मेमरीत जी मॉडेलं चढलेली होती, त्यांवरच भागवलं जायचं. नंतर यंत्रं कितीतरी पटींनी ताकदवान झाली. तरीही डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘सायबरपंक २०७७’मध्ये लांबच्या महामार्गावर दिसणाऱ्या गाड्या ही नुसती सपाट चित्रं होती, जवळ गेलं की रस्ता रिकामा. लेनमध्ये कुणी गाडी आडवी उभी केली तर मागच्या गाड्या तिला वळसा न घालता निमूट रांग लावायच्या. गेममधला पाऊस, काचेवरची प्रतिबिंबं, मावळतीचा प्रकाश यांवर अफाट मेहनत झाली आणि रहदारीला उरलासुरला प्रोसेसर मिळाला. अशा रहदारीला लोक विटले, यात त्यांचं काही चुकलं नाही. चुकतो तो त्यांचा इलाज.

क्रायटेरियन स्टुडिओने २००४ मध्ये ‘बर्नआउट ३: टेकडाउन’ आणला तेव्हाच चांगली रहदारी कशी असते ते दाखवून दिलं होतं. त्या गेमचा एक नियम निर्दय आहे: वेगात रहदारीतल्या गाडीवर आदळलात की गाडीचा चेंदामेंदा. तरीही त्याविषयी अन्यायाची तक्रार फारशी का झाली नाही? कारण समोरच्या लेनमधून, विरुद्ध दिशेने गाडी हाणली की बूस्ट, म्हणजे जादा वेगाचा साठा, मिळतो, एखाद्या गाडीला चाटून गेलात तरी मिळतो. धोका आणि बक्षीस एकाच जागी ठेवलेले आहेत, आणि तिथे जायचं की नाही हे खेळणारा ठरवतो. त्या गाड्या आपल्या लेनमध्ये, आपल्या चालीने येत राहतात, आपल्याला पाहून अंगावर झेप घेत नाहीत. गुगली खेळता येते ती गोलंदाजाच्या मनगटावरून ओळखता येते म्हणून. तसं इथे हेडलाइटची जोडी दिसली की पुढचं सगळं ओळखता येतं. पुढच्याच वर्षी ‘बर्नआउट रिव्हेंज’मध्ये त्याच स्टुडिओने आपल्या दिशेने जाणाऱ्या लहान गाड्यांना मागून धडक मारून उडवून देण्याची मुभा दिली. चाहत्यांत उभी फूट पडली. त्यात मजा होती, हे मी नाकारणार नाही. पण अर्धा रस्ता निर्धोक झाला आणि लक्ष देऊन चालवण्याचं कारणही तेवढंच कमी झालं. खेळ बदलला तो गाड्यांच्या संख्येमुळे नव्हे, हे ‘कमी की जास्त’वाल्यांनी ध्यानात घ्यावं.

आता दुसऱ्या गटाकडे वळू, ज्यांना ‘खरी’ रहदारी हवी आहे. खरी रहदारी कशी असते? १९९२ मध्ये काई नागेल आणि मिखाएल श्रेकेनबर्ग या जर्मन संशोधकांनी अवघ्या चार नियमांत महामार्ग संगणकावर उभा केला. वेग वाढवायचा, पुढच्या गाडीशी अंतर कमी असेल तर तो घटवायचा, अधूनमधून काही कारण नसताना थोडं हळू व्हायचं, आणि पुढे सरकायचं. तिसरा नियम माणसाच्या बेसावधपणाचा, आणि तेवढ्या एका नियमामुळे अपघात नाही, सिग्नल नाही, तरी कोंडी तयार होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ खऱ्या गाड्या एकाच वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. तिथेही थांबा-निघाची लाट उठली आणि मागे मागे सरकत राहिली. खरेपणा हाच निकष असेल तर शर्यतीची निम्मी वेळ अशा लाटेत उभं राहण्यात जाईल. शिवाय खरा चालक मोबाइलकडे बघतो, इंडिकेटर न देता वळतो, मागून भरधाव गाडी आली की गोंधळून मधोमध थांबतो. हे सगळं गेममध्ये आणलं, तर पहिल्या गटाची अन्यायाची तक्रार शंभर टक्के खरी ठरेल.

तरी या संशोधनातून घेण्यासारखं बरंच आहे. अनिश्चितता नसेल तर रहदारी निर्जीव होते, म्हणून ती हवी; प्रश्न ती कुठे ठेवायची एवढाच. लांब असलेल्या गाडीने वेग बदलावा, लेन बदलावी, पेट्रोल पंपात शिरावं. पण खेळणारा तीन सेकंदांच्या टप्प्यात आला की तिने आपला बेत बदलू नये. वळायचं असेल तर इंडिकेटर आधी लागावा, थांबायचं असेल तर ब्रेकचे दिवे पेटावेत आणि मगच वेग उतरावा. माथ्यापलीकडच्या गाडीचा उजेड रात्री आधी आभाळात दिसावा, बोगद्यात तिचा आवाज आधी यावा. यात कृत्रिमपणा आहे का? आहे, आणि तो असायलाच हवा. गेममधली गाडी ३०० च्या वेगाने वळण घेते हाही कृत्रिमपणाच आहे. जो गेम खेळणाऱ्याला भौतिकशास्त्रात इतकी सूट देतो, त्याने रहदारीत मात्र खऱ्या जगाचा कडकपणा का आणावा?

मध्यममार्गी लोक म्हणतात, सेटिंगमध्ये एक पट्टी द्या, ज्याला हवी तेवढी रहदारी ज्याने त्याने ठेवावी. ऐकायला हे समंजस वाटतं. पण रस्त्याची रुंदी, प्रतिस्पर्ध्यांचा वेग, वळणापूर्वीची मोकळी जागा, बक्षिसाची रक्कम हे सगळं कुठलीतरी एक रहदारी गृहीत धरून ठरवलेलं असतं. ती शून्यावर आणली की शर्यत पोकळ होते, टोकाला नेली की अशक्य होते. पट्टी देऊन निर्मात्याने आपलं काम खेळणाऱ्याच्या गळ्यात घातलेलं असतं. त्यापेक्षा ‘फोर्झा होरायझन’च्या चौथ्या आणि पाचव्या भागांतली विभागणी मला प्रामाणिक वाटते. रस्त्यावरच्या नेहमीच्या शर्यती मोकळ्या केलेल्या मार्गावर होतात; स्ट्रीट रेस रहदारीतून होतात. कुठल्या शर्यतीत काय वाट्याला येणार हे आधी ठाऊक असतं आणि रस्तेही त्या हिशेबाने निवडलेले असतात. एरवी त्या मालिकेतले रस्ते मला फारच ओसाड वाटतात, पण या एका बाबतीत तिने बरोबर केलं आहे.

ऑनलाइन खेळाचा आक्षेप तांत्रिक आहे आणि वजनदार आहे. दहा जण एकत्र धावत असतील तर दहाही जणांना तोच टेम्पो त्याच क्षणी त्याच जागी दिसला पाहिजे. नेटवर्कची ओढाताण पाहता ते कठीण आहे, म्हणून रहदारी गाळणं सोपं पडतं. पण याचं उत्तर चाहत्यांनीच देऊन ठेवलं आहे. कुनोस सिम्युलाझिओनी या इटालियन कंपनीचा २०१४ चा ‘असेट्टो कोर्सा’ हा अस्सल ट्रॅकवरचा गेम, त्यात रहदारी नावालाही नव्हती. चाहत्यांनी त्याच्यासाठी टोकियोचे शुतोको द्रुतगती मार्ग बांधले, सर्व्हरवरूनच सगळ्यांना तीच रहदारी पुरवणारं सॉफ्टवेअर लिहिलं, आणि आज कितीतरी जण तो गेम ट्रॅकसाठी नव्हे, त्या गाड्यांमधून वाट काढण्यासाठी उघडतात. तिथल्या गाड्या कधीकधी अडखळतात, उड्या मारतात, हे खरं. पण ज्या गेममध्ये रहदारी नव्हती त्यात लोकांनी ती स्वतः रात्री जागून आणली. रहदारी कुणालाच नको असते, हे यानंतर कसं म्हणता येईल? ‘यूरो ट्रक सिम्युलेटर २’चे खेळणारेही रहदारी वाढवणारे मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेले बदल, घालतात, आणि तिथे तर शर्यतही नाही.

रहदारीमुळे शहराला काय मिळतं, हे ईडन गेम्सच्या २००६ च्या ‘टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड’मध्ये लख्ख दिसतं. हवाईतलं ओआहू बेट, त्यावरचे रस्ते, आणि दुसऱ्याची महागडी गाडी ओरखडा न पडता पोहोचवण्याचं काम. या कामात वेगाने जायला कुणी अडवत नाही, पण प्रत्येक ओव्हरटेकला काहीतरी पणाला लागलेलं असतं. मला त्या बेटाचे रस्ते आजही वळणावळणाने आठवतात, आणि त्याचं कारण शर्यती नाहीत. २०११ चा ‘ड्रायव्हर: सॅन फ्रान्सिस्को’ आणखी पुढे गेला. त्याचा नायक, पोलिस अधिकारी टॅनर, कोमात असताना आपलं शरीर सोडून रस्त्यावरच्या कुठल्याही चालकात शिरू शकतो. पळून जाणाऱ्या गुन्हेगाराला अडवायला समोरून येणारा ट्रक ताब्यात घ्यायचा आणि त्याच्या वाटेत घालायचा. ज्या गाड्यांना बाकीचे गेम अडगळ समजत होते त्याच गाड्या तिथे खेळाचं साधन झाल्या, आणि प्रत्येकीत बसलेल्या माणसाला आवाज मिळाला.

एक नैतिक आक्षेपही मी ऐकला आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. रहदारीतून कट मारत जाणं बक्षीसपात्र ठरवलं तर पोरं तेच रस्त्यावर करतील. भीती अनाठायी नाही. खऱ्या महामार्गावर असं करून त्याचे व्हिडिओ टाकणारे आहेत आणि त्यांना शिक्षाच व्हायला हवी. पण रिकाम्या रस्त्यांचा गेम याहून सुरक्षित धडा देतो का? १९२० च्या दशकात अमेरिकी शहरांत मोटारवाल्यांच्या संघटनांनी मोठी मोहीम चालवली. तोवर रस्ता चालणाऱ्यांचा, फेरीवाल्यांचा, खेळणाऱ्या मुलांचाही होता. मोहिमेनंतर मनमानेल तिथून रस्ता ओलांडणारा माणूस दोषी ठरला आणि रस्ता मोटारीचा झाला. सगळ्यात वेगवान असेल त्याच्यासाठी रस्ता मोकळा करून द्यायचा, ही कल्पना तिथून पक्की झाली, आणि रिकाम्या शहराचा गेम तीच कल्पना कुठलाही प्रश्न न उठवता हाती देतो. धडकेची किंमत मोजायला लावणारी रहदारी निदान एवढं तरी बजावते की या रस्त्यावर दुसरंही कुणी आहे. गेम संस्कार करतील असा माझा दावा नाही. पण या दोन रचनांमध्ये निवड करायची तर मी दुसरीच निवडेन.

शेवटचा आक्षेप आपल्याकडचा आहे. रहदारी ओळखता यायला हवी म्हटलं की काही जण म्हणतात, मग भारतीय शहराचा रेसिंग गेम कधी होणारच नाही. लेनच नाहीत तिथे ओळखणार काय? हा गैरसमज आहे. दादरच्या पुलाखाली किंवा पुण्यात स्वारगेटला स्कूटर चालवणारा माणूस क्षणोक्षणी इतरांचे बेत ओळखत असतो. रिक्षाचं पुढचं चाक किंचित वळलं, एसटीचा कंडक्टर दाराशी येऊन हात हलवू लागला, ट्रकवाल्याने उजवा इंडिकेटर दिला तो वळण्यासाठी की ‘जा पुढे’ म्हणून, टेम्पोचा हॉर्न दोनदा छोटा वाजला की एकदा लांब. खुणा भरपूर आहेत, लेनच्या पट्ट्यांवर त्या अवलंबून नाहीत एवढंच. गेमची रहदारी मात्र अजून रुळावरच्या डब्यांसारखी एका रेषेला जखडलेली असते. मुंबईच्या नकाशावर तीच ओतली तर इमारती मुंबईच्या दिसतील आणि रस्ते भलत्याच देशातले. मुंबई किंवा पुण्यावर गेम बनवू पाहणाऱ्यांनी पडद्यावर किती रिक्षा मावतात हे मोजण्याआधी एक रिक्षा नीट लिहावी: ती प्रवाशाला पाहून डावीकडे कधी ओढते, त्याआधी चालक मान कशी बाहेर काढतो, आणि मागून भरधाव येणाऱ्याला ते किती मीटरवरून दिसतं.